तळव्यातले काळे ठिपके

माणसांची तोंडं माझ्या लक्षात राहत नाहीत, तळपाय राहतात. बाजारात कुणी रामराम घातला की माझी नजर आधी खाली जाते. पाय कसा टेकतो, भार कुठं देतो, चप्पल कुठल्या बाजूला झिजलीय, एवढं बघितलं की मग नाव आठवतं. बायको म्हणते, "लोकाला वाटतं तुमी लाजायलाव." लाजत नाही. पण बोलणारा माणूसही नाही. हे लिहायला बसलोय ते एक गोष्ट तोंडानं सांगायला मला दोन वर्षं लागली म्हणून.

केजला एका कातडीच्या दवाखान्यात मी सत्तावीस वर्षं ड्रेसर आहे. ड्रेसर म्हणजे डॉक्टर नव्हे, हे लोकांना कळतं पण वळत नाही. जखम धुणं, पट्टी बांधणं, हत्यारं उकळणं, डॉक्टरांच्या हातात पाहिजे ते पाहिजे त्या वेळी देणं, हे माझं काम. आमच्या डॉक्टर मॅडम अंबाजोगाईला राहतात. सोमवार आणि गुरुवार केजला येतात. बाकीचे दिवस दवाखाना उघडा असतो तो पट्ट्या बदलायला, म्हणजे माझ्या भरवशावर. मॅडमचा एक नियम सुरुवातीपासून होता. "दत्ताभाऊ, पट्टी तुमची, ब्लेड माझं. मी नसताना ब्लेड काढायचं नाही."

हा नियम मी मोडला. एकदा नाही, कितीतरी वर्षं मोडत आलो. कसा, ते सांगायचं तर आधी पायाच्या दुखण्याबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या भागात तळपायाला काहीही कडक, दुखरं आलं की त्याला कुरूप म्हणतात. त्यातली निम्मी कुरुपं नसतातच. कुरूप होतं ते दाबानं. चप्पल घट्ट असते, खडा रुततो, हाड टोचतं, मग तिथली कातडी स्वतःला वाचवायला जाड होत जाते. दाब काढला की कुरूप बरं होतं, आणि एकाचं दुसऱ्याला होत नाही. दुसरा प्रकार चामखिळीचा. हातावर, मानेवर येते तीच, पण तळव्यावर आली की सगळ्या अंगाचा भार तिच्यावर पडतो. तिला वर वाढता येत नाही, ती आत दबते. वरून दिसायला अगदी कुरुपासारखी. पण ती होते विषाणूनं. ओल्या, मऊ पडलेल्या कातडीला बारीक चीर असली की विषाणू तिथनं शिरतो. म्हणून ती सार्वजनिक न्हाणीघरात लागते, वसतिगृहात लागते, एकमेकांच्या चपला-टॉवेलातून लागते. कातडीतच राहते, रक्तात जात नाही, जिवाला धोका नाही. पण पसरते.

ओळखायची कशी, हे मॅडमनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं. वरून दाबलं की कुरूप दुखतं. दोन बोटांत धरून बाजूनं चिमटलं की चामखीळ दुखते. आपल्या तळव्यावर बोटांच्या ठशासारख्या रेघा असतात. चामखिळीच्या जागी त्या तुटतात, वळसा घालून जातात. आणि तिसरी खूण सगळ्यात पक्की. वरचा कडक थर जरासा काढला की चामखिळीत काळे ठिपके दिसतात. मोहरी टाचणीनं फोडून ठेवल्यासारखे. त्या बारीक रक्तवाहिन्या असतात, रक्त गोठून काळ्या झालेल्या. कुरुपात ठिपके नसतात, मधे काचेसारखा एक कडक गाभा असतो.

"ठिपके दिसले की हात मागे घ्यायचा," मॅडम म्हणाल्या होत्या. "कापायचं नाही, घासायचं नाही. घासलं की पसरेल."

एवढं सोपं आहे. सातवीतल्या पोराला समजेल असं. मला तर सत्तावीस वर्षं समजत होतं.

लोक काय काय करून येतात, ते बघितलं की आधी हसू येतं, मग पाय दिसला की जातं. एक निवृत्त गुरुजी आले होते. शिस्तीचे, धोतर पांढरंशुभ्र, आणि उजव्या पायाला आख्खं फडकं गुंडाळलेलं. कुणीतरी सांगितलं म्हणून तळव्यावर बिब्बा घातला होता. पाय कोहळ्यासारखा सुजलेला. मी फडकं सोडत होतो आणि ते मला बिब्ब्याचे गुण सांगत होते. मॅडम म्हणाल्या, "गुरुजी, चामखीळ बिब्ब्यानं गेली का?" गुरुजी म्हणाले, "चामखीळ कुठं हाय तेच दिसंना, मॅडम. समदा पायच चामखिळीवानी झालाय." बरं व्हायला महिना लागला. त्यातून उठले आणि जाताना मला हळूच विचारलं, "रुईचा चीक कसा असतो हो त्याला?"

दुसरे एक पुढारी. इलेक्शन लागलेलं, गावोगाव पायी फिरायचं, आणि टाचेखाली चामखीळ. तीन गाड्या घेऊन आले. सोबतची माणसं आत येऊ नयेत म्हणून मी दार लावून घेतलं. मॅडमनी सांगितलं की रोज रात्री पाय कोमट पाण्यात ठेवा, मग हे औषध फक्त चामखिळीवर लावा, आजूबाजूला नको, आणि दोन-तीन महिने धीर धरा. पुढारी म्हणाले, "तीन महिने? तवर निकाल लागून जाईल की." मॅडम म्हणाल्या, "दोन्हीचा लागेल." त्यांनी औषध लावलं. इलेक्शन हरले, चामखीळ गेली. अजून भेटले की म्हणतात, "तुमच्या मॅडमनी निम्मं तरी खरं केलं बघा."

खरं तर कित्येकांची काहीच न करता जाते, पोराटोरांची तर बहुतेक. शरीराला एक दिवस तिचा पत्ता लागतो आणि ते तिला काढून टाकतं. मग घोड्याचा केस बांधणाऱ्याला, चुना-सोडा लावणाऱ्याला, सगळ्यांना त्याचं श्रेय मिळतं. फक्त साखरेच्या आजाराच्या माणसानं घरी कसलाही प्रयोग करू नये. त्याच्या पायाला दुखणं कळत नाही, आणि औषधानं झालेलं भोक दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो.

हे झालं शहाणपणाचं. आता माझं.

माझा हात चांगला आहे. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, यातूनच सगळं बिघडलं म्हणून सांगतोय. कुरूप काढायला बसलो की पापुद्रा पापुद्रा काढत जायचो, रक्ताचा थेंब न येता. माणूस लंगडत आलेला असायचा, उठून सरळ चालत जायचा. हे दिसतं. मॅडमचं औषध तीन महिन्यांनी गुण देतं, माझ्या ब्लेडचा गुण दारातनं बाहेर पडतानाच दिसतो. बाजाराच्या दिवशी मॅडम नसायच्या. पण खेड्यातली माणसं बाजाराच्याच दिवशी केजला येतात. "गुरुवारी या" म्हटलं की म्हणायची, "पुन्हा जीपनं कावून यावं, कशासाठी, मामा? तुमीच बघा की." पहिल्यांदा एका म्हातारीचं कुरूप काढलं. मग तिनं गावातल्या दोघींना पाठवलं. पुढं पुढं बाजाराच्या दिवशी माझ्यासाठी बाकड्यावर रांग लागायला लागली. ब्लेड दरवेळी नवं घ्यायचो, हात धुवायचो, त्यात कधी हयगय केली नाही. त्यामुळं मला वाटायचं, यात चूक काय आहे?

आणि कुरूप काढून झालं की प्रत्येकाला एकच सांगायचो. "रोज कोमट पाण्यात पाय ठेवायचा आणि वजरीनं घासायचा. परत येणार न्हाई." वजरी म्हणजे पाय घासायचा खरबरीत दगड. कुरुपाला ते बरोबरच आहे.

आमच्या दवाखान्याला लागून सलीमभाईंचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. माझी गाडी त्यांच्याच हातानं चालते. त्यांची मुलगी रुखसार लहानपणापासून दवाखान्याच्या पायरीवर बसून अभ्यास करायची, मला चाचा म्हणायची. बारावी झाल्यावर तिनं पोलीस भरतीचं मनावर घेतलं. सलीमभाईंनी तिला बीडच्या एका अकॅडमीत ठेवलं. तिथंच पोरींचं होस्टेल. रोज पहाटे मैदानावर पळायचं, दिवसा लेखीचा अभ्यास. सकाळी मुलींना अनवाणी पळायला लावायचे, पाय घट्ट होतात म्हणून.

भरतीची मैदानी चाचणी दोन-अडीच महिन्यांवर होती तेव्हा ती सुट्टीला केजला आली. बाजाराचा दिवस. बाकड्यावर आठ-दहा माणसं. ती आत आली तीच उजव्या पायाच्या कडेवर चालत.

"चाचा, चवड्याखाली कायतरी झालंय. पळताना लई दुखायलंय."

मी चालीकडं बघूनच बोललो, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "कुरूप हाय ते. दोन मिनिटाचं काम. बस."

रांगेतला एक म्हातारा तिला म्हणाला, "भिऊ नको, पोरी. मामाच्या हातात जादू हाय."

तिनं पाय स्टुलावर ठेवला. मी वरचा थर काढला. आणि मला काळे ठिपके दिसले.

चार होते. पाच असतील. मधोमध, अगदी पुस्तकात दाखवतात तसे. रेघाही बाजूनं वळलेल्या. शंका घ्यायला जागाच नव्हती.

तिथं हात थांबला. किती वेळ, एक श्वासभर. त्या एका श्वासात माझ्या मनात काय आलं ते मला पक्कं आठवतं, कारण नंतर मी ते शेकडो वेळा आठवून बघितलंय. आता "चामखीळ आहे, गुरुवारी मॅडमकडं ये" म्हणालो, तर रांगेतल्या माणसांसमोर मी चुकलो असं होईल. मॅडमना कळेल की त्या नसताना ब्लेड चालतं. आणि "दोन मिनिटाचं काम" हे मी आत्ताच बोललोय. बस, एवढंच. फार मोठं काही नव्हतं. मी हात मागं घेतला नाही. ठिपके जाईपर्यंत कापत गेलो. रक्त आलं. माझ्या हातून कधी येत नाही, त्या दिवशी आलं. कापूस दाबला, पट्टी बांधली.

"चाचा, रक्त कावून आलं?"

"खोल होतं. मुळातनं काढलंय. चार दिवसांनी पट्टी काढ आणि रोज वजरीनं घासत जा."

ती उठली, दोन पावलं चालली, हसली. रांगेतला म्हातारा म्हणाला, "बघ, म्हणलं न्हवतं?"

पाच आठवड्यांनी, सोमवारी, सलीमभाई तिला मॅडमकडं घेऊन आले. मी टेबलाजवळ ट्रे लावत होतो. तिनं मोजे काढले. उजव्या चवड्यावर जिथं एक होती तिथं आता एकाला एक चिकटून पुंजका झाला होता, फरशीच्या तुकड्यांसारखा. डाव्या टाचेवरही दोन.

मॅडमनी भिंग घेतलं. "हे आधी कुणीतरी कापलंय. व्रण आहे. कुणी कापलं?"

ट्रेमधल्या चिमट्यांचा आवाज झाला, तेवढाच. सलीमभाई फळ्यावरचं वेळापत्रक वाचत होते. रुखसारनं माझ्याकडं बघितलं. मग मॅडमकडं.

"मीच, मॅडम. होस्टेलला ब्लेडनं."

"शिकलेली मुलगी तू," मॅडम म्हणाल्या. "आणि नंतर घासलंस?"

"वजरीनं. बाथरूममधल्या."

"सगळ्याजणी वापरतात ती?"

तिनं काढलेले मोजे हातात घेतले. मग म्हणाली, "आणखी चौघींना झालंय."

न्हाणीच्या खिडकीत साबणाशेजारी एकच काळी वजरी, अकरा मुली. ती माझ्या सांगण्याप्रमाणं रोज घासत होती, आणि तिच्या कातडीचे बारीक कण वजरीच्या खाचांत बसून दुसरीच्या ओल्या पायाला जात होते. मी हे सगळं ट्रे धरून उभं राहून ऐकलं. सलीमभाई वळून तिला म्हणाले, "येडी कुठली. शेजारी दत्ताभाई असताना हातानं कापायचं?"

तेव्हाही मी बोललो नाही.

गोठवून काढली तर फोड येणार आणि चाचणी तोंडावर. म्हणून मॅडमनी रोज लावायचं औषध दिलं, आणि पळताना टोचू नये म्हणून मधे भोक असलेली नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, गादी. गाद्या मी कापायचो. रोज चार, वेगवेगळ्या जाडीच्या. इतक्या नेमानं मी दुसऱ्या कुठल्या पेशंटचं काम केलं नसेल. सलीमभाईंना वाटायचं, पोरीवर जीव आहे म्हणून. माझी गाडी दुकानाशी दिसली की हातातलं काम सोडून ती आधी घ्यायचे. मी गाडी दुसरीकडं न्यायला लागलो, तर म्हणाले, "दत्ताभाई, आमचं काय चुकलं का?"

तिकडं होस्टेलमध्ये पोरींनी तिच्याशी बोलणं सोडलं होतं. तिच्यामुळं झालं, म्हणून. तिची बादली वेगळी, तिनं सगळ्यात शेवटी आंघोळ करायची. एकीची आई येऊन रेक्टरबाईंना म्हणाली, ती पोरगी राहणार असली तर माझी न्हाई राहणार. रुखसारनं सामान उचललं आणि केजहून पहाटेच्या जीपनं बीडला जायला लागली. पोचेपर्यंत मैदानावरचं निम्मं पळणं होऊन गेलेलं असायचं. हे मला सलीमभाईंनी सांगितलं, चहाचा कप हातात देता देता. एका जीपचं अंतर होतं. मी जाऊन चार वाक्यं बोललो असतो तर तिचा पलंग तिला परत मिळाला असता. रोज ठरवायचो, गुरुवारी मॅडमना सांगू. गुरुवार आला की म्हणायचो, आधी तिची चाचणी होऊ दे.

चाचणीच्या दिवशी मी एसटीनं बीडला गेलो. कुणाला सांगितलं नव्हतं. मैदानाच्या फाटकाबाहेर पालकांच्या गर्दीत उभा राहिलो. आठशे मीटर. पहिला निम्मा भाग ती पुढच्या पोरींत होती. मग मला दिसलं, ती उजवा पाय कडेवर टाकायला लागली. चवडा टेकतच नव्हती. एकेक पोरगी तिला मागं टाकत गेली. ती थांबली नाही, पळत पूर्ण केलं, पण वेळ हुकली ती हुकलीच.

बाहेर आली, मला बघून तिला नवल वाटलं नाही. भिंतीला टेकून बूट काढला. गादी सरकून बोटांत गेली होती.

"पट्टी सरकली, चाचा," ती म्हणाली. "तुमची चूक न्हाई."

मी तिच्या पायाची पट्टी पुन्हा नीट बांधली. मला दुसरं काय येतं?

चार-पाच महिन्यांत तिच्या चामखिळी गेल्या. औषधानं गेल्या की आपल्या आपण, देव जाणे. कातडीवर रेघा परत जुळल्या. मी बाजाराच्या दिवशी ब्लेड काढणं बंद केलं. लोक म्हणाले, मामाचा हात म्हातारा झाला. म्हणू दिलं. तेही एक खोटंच होतं, पण मला बरं वाटणारं.

परवा, म्हणजे या दिवाळीच्या आधी, नव्या भरतीची बातमी आली. सलीमभाई दवाखान्यात आले. टोपी काढून हातात घेतली होती. माझ्यासमोर त्यांनी कधी काढली नव्हती.

"दत्ताभाई, एक काम हाय. रुखसारला परत अकॅडमीत जायचंय. होस्टेलवाल्या बाई घ्यायला तयार न्हाईत. म्हणतात, पायवाली पोरगी नको. तुमी दवाखान्याचे माणूस. जाऊन सांगता का, पाय साफ हायत म्हणून?"

मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी रुखसारबरोबर जीपनं बीडला गेलो.

रेक्टरबाई भल्या होत्या, पण ठाम होत्या. ऑफिसात दोन-तीन जुन्या मुलीही उभ्या होत्या. बाई म्हणाल्या, "पाय आता चांगले असतील, मी न्हाई म्हणत न्हाई. पण हिनं घरगुती ब्लेडनं कापलं, तीच घाण सगळ्यांच्या वजरीला लावली आणि कुणाला बोलली न्हाई. ज्या पोरीला स्वतःच्या हातानं केलेलं कबूल करता येत न्हाई, तिला मी होस्टेलात कशी ठेवू?"

रुखसार खाली बघत होती. मी तिच्या चपलांकडं बघत होतो.

"तिनं कापलं न्हाई," मी म्हणालो. "मी कापलं. वजरीनं घास म्हणून मीच सांगितलं. चामखीळ हाय हे मला कळलं होतं, तरी सांगितलं. तिनं माझ्यापायी खोटं सांगितलं आणि मी ते चालू दिलं."

एक मुलगी दुसरीकडं बघायला लागली. बाईंनी चष्मा काढला. मला वाटलं त्या मला बोलतील, मी त्यासाठी तयार होतो. त्या रुखसारला म्हणाल्या, "हे खरं हाय?"

तिनं मान हलवली.

मग बाईंनी मला बसायला सांगितलं आणि विचारलं, न्हाणीत काय काय करायला पाहिजे. मी सांगितलं. न्हाणीत अनवाणी जायचं नाही, प्रत्येकीची रबरी चप्पल. वजरी, टॉवेल, मोजे ज्याचे त्याचे. पाय बोटांच्या मधे कोरडे करायचे, घामाचे मोजे रोज बदलायचे. कुणाला काही दिसलं तर पळताना वर चिकटपट्टी लावायची, खाजवायचं नाही, कापायचं नाही, डॉक्टरला दाखवायचं. आणि जिला होईल तिला वाळीत टाकायचं नाही, तो सर्दीसारखाच एक विषाणू आहे. शेवटचं वाक्य मी बोलत होतो तेव्हा जुन्या मुलींतली एक रुखसारजवळ सरकली. "तुझा पलंग खिडकीजवळचाच हाय अजून," ती म्हणाली. "तिथं कुणी झोपंना, डास येत्यात."

मॅडमना दुसऱ्या गुरुवारी सांगितलं, ते इथंच सांगून टाकतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ लिहीत राहिल्या. मग ब्लेडच्या कपाटाची किल्ली मागितली. मी दिली. "किती वर्षं?" एवढंच विचारलं. मी खरा आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "पट्ट्या करा उद्यापासून, नेहमीसारख्या." काढून टाकलं असतं तर सोपं गेलं असतं. सलीमभाईंकडं मी स्वतः गेलो. ते नटबोल्ट धूत होते, धूतच राहिले. माझी गाडी अजून त्यांच्याकडंच जाते, पण आता ती रांगेत थांबते. ते बरोबर आहे.

पण परतीच्या जीपमधलं राहिलं.

सामान आणायला रुखसार माझ्याबरोबर केजला परत येत होती. मागच्या सीटवर आम्ही दोघं आणि मधे तिची बॅग. मांजरसुंबा मागं पडलं. मला वाटलं, आज सगळंच सांगितलंय, तर एवढंही राहू नये.

"त्या दिवशी काळे ठिपके मला दिसले होते," मी म्हणालो. "तू समोर असतानाच."

"मालूम होतं, चाचा."

"कसं?"

"मी पायाकडं बघत नव्हते. भीती वाटत होती म्हणून तुमच्या तोंडाकडं बघत होते. तुमचं तोंड एकदम बदललं. मग तुमी परत कापायला लागलाव."

जीप एका गावाशी थांबली, दोन बाया चढल्या, आम्ही सरकून घेतलं. त्यांच्या पाट्यांना जागा करून देईपर्यंत मी थांबलो.

"मग मॅडमना तसं कावून सांगितलंस? मीच कापलं म्हणून?"

तिनं बॅग मांडीवर घेतली. रागावून बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. ती साधं बोलली, वेळ सांगावी तसं.

"मला वाटलतं, मी खोटं बोलले की तुमी मधीच बोलताल."

पुढं केजपर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. स्टँडवर ती आधी उतरली, बॅग खांद्याला लावली आणि चालायला लागली. मागं वळून म्हणाली, "या की, चाचा." मी सवयीनं खाली बघितलं. टाच, मग चवडा, मग बोटं. दोन्ही पाय सारखे टेकत होते.